निरर्थक हालचाल

पहिल्यांदा ते ओटमारनं पाहिलं. सकाळी साडेसातला तो बाकाखाली गुडघ्यांवर बसून ब्रशनं चांदीची धूळ गोळा करत होता आणि त्याच्या डोक्यावर एक्केचाळीस नंबरचा हात एका अंगठीला जोड देत होता. मध्येच हातानं चिमटा खाली ठेवला. मग हात बाकाच्या कडेवरून खाली गेला, जमिनीच्या वर वीतभर अंतरावर हवेतच कशाला तरी बोटं टेकवली, मग वर आला. माणसाचं कपाळ असतं तेवढ्या उंचीवर क्षणभर थांबला, जरा खाली, गळ्याच्या उंचीवर थांबला, आणि पुन्हा चिमटा उचलून कामाला लागला.

"एक्केचाळीस माश्या मारतोय," ओटमार मला म्हणाला. "तुमच्या नोंदीत लिहून घ्या."

मी पडद्यावर मागे जाऊन पाहिलं. सगळं मिळून अडीच सेकंद. माशीबिशी काही नव्हती. तिकडे सात हजार किलोमीटरवर बसलेल्या कुणाचा तरी पाय हत्याराला लागला होता, आणि त्यानं हत्याराला नमस्कार केला होता.

मी काहीच लिहिलं नाही. नंतर लिहू म्हटलं.

हे गाव फोर्त्सहाइम, दक्षिण जर्मनीतलं. पिढ्यान्‌पिढ्या इथं सोन्याचांदीचं काम चालतं. मी हुपरीचा, कोल्हापूरजवळचा. आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या तेच चालतं, फक्त इथल्या दुकानांच्या काचा जास्त स्वच्छ असतात. बाविसाव्या वर्षी मी या कारखान्यात उमेदवार म्हणून आलो. ओटमार रॉयलं तेव्हा इथला मास्टर होता. इथं मास्टर ही काही तोंडदेखली पदवी नव्हे. त्यासाठी परीक्षा असते, भिंतीवर लावायचं प्रमाणपत्र असतं, आणि गावातल्या खानावळीत खिडकीजवळचं टेबल असतं. ओटमारनं मला आठ वर्षं शिकवलं, परीक्षेला बसवलं, स्वतःच्या घराचा वरचा मजला भाड्यानं दिला आणि मी पास झालो त्या संध्याकाळी मला त्या खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं. "आता तू आमच्यातला," असं म्हणाला. मला तेव्हा फार आनंद झाला होता. आनंद झाल्याचं आठवतं, एवढंच आता सांगता येईल.

मग हात आले.

दुरून यंत्र चालवणं जुनंच होतं. अडचण होती ती स्पर्शाची. डोळ्याला थोडा उशीर चालतो, कानालाही चालतो, बोटाला चालत नाही. हुपरीतून निघालेली खूण इथं पोचून परत जायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. पण ज्योत धरून जोड वितळवताना तेवढ्या वेळात जोड वाहतो आणि त्याच्या मागोमाग अंगठीही वाहून जाते. म्हणून बरीच वर्षं फक्त ढोबळ कामं परदेशी गेली आणि आमच्यासारखे बारीक कामाचे लोक निवांत राहिले.

हा उशीर कुणी घालवला नाही, घालवता येणारही नाही. कुणीतरी त्याच्या पुढे चालायचं ठरवलं. यंत्र एका माणसाचा हात चाळीस दिवस शिकतं, मग तो हात पुढच्या सातव्या भागात काय करील ते ओळखून आधीच करून मोकळं होतं. त्या माणसाच्या हातमोज्यालाही तसाच अंदाजानं स्पर्श दिला जातो. माणसाला वाटतं आपण केलं. अंदाज चुकला की हात किंचित हिसका खातो, त्याला आम्ही फरक म्हणतो. फरक कमी तो हात चांगला. आणि फरक कमी येतो तो सवयीच्या माणसाचा. हुशार, नवं काही सुचणारा कारागीर यंत्राला नको असतो. लहानपणापासून एकाच जागी बसून एकच काम केलेला, हाताला पक्कं वळण लागलेला माणूस त्याला हवा असतो. असे लोक कुठं भरपूर आहेत ते शोधायला कंपनीला फार दिवस लागले नाहीत.

कायद्यानं अंगठी मात्र इथंच घडते. बाक इथला, चांदी इथली, यंत्राचे हात इथले, म्हणून तिच्यावर गावाचा ठसा बसतो. फक्त कारागीर इथला नसतो.

तीन वर्षांत गावाचे तीन थर झाले. वरच्या मजल्यावर आराखडे काढणारे आणि मालक. त्यांचं उत्तम चाललंय, त्यांनी तळ्याकाठी घरं घेतली. मधल्या मजल्यावर चौसष्ट बाक, त्यांच्यावर चौसष्ट हात, म्हणजे प्रत्येकी एक जोडी, माणूस एकही नाही. आणि बाकांखाली हजर लोक. सरकारी कागदावर त्यांना खरंच हजर कर्मचारी म्हणतात, कारण त्यांचं काम म्हणजे इथं हजर असणं: चांदी भरा, ज्योतीची नळी पुसा, पडलेलं उचला, धूळ झाडून चाळा. आमच्याकडे सोनाराच्या दुकानातली धूळ धुऊन त्यातनं कण काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात. लहानपणी आमच्या दारी झारेकरी यायचा तर आई त्याला ओसरीवरच पाणी द्यायची. मास्टर ओटमार रॉयलं, वय एकसष्ट, आता झारेकरी होता.

मी त्या थरांमध्ये कुठंतरी होतो. आठ मास्टरांपैकी एकाला हातांवर नजर ठेवायला ठेवलं, तो मी. का मी, हे कुणी सांगितलं नाही. बहुतेक मी स्वस्त होतो. नेमणूक झाली त्या सोमवारी ओटमारनं मला "तुम्ही" म्हटलं. वीस वर्षं "तू" म्हणणारा माणूस. घरात मी वर, तो खाली. कारखान्यात मी काचेच्या खोलीत, तो बाकाखाली. रविवारी त्याच्याकडे जेवायला जायचो ते हळूहळू बंद झालं. भांडण झालं नाही. काहीच झालं नाही.

एक्केचाळीस नंबरचा हात मी आठवडाभर पाहत राहिलो.

नमस्कार काय, तो कुणीही करेल. हुपरीतल्या अर्ध्या कारागिरांना कंपनीनं खुर्च्या दिल्या असतील आणि ते सगळे खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसले असतील, पुढ्यात हत्यारं मांडून. मग पाय लागणारच. पण कपाळ आणि मग गळा, हे आमच्या वडिलांचं, आप्पांचं होतं. आप्पा सांगायचे, कपाळाला लावलं ते देवासाठी, गळ्याला लावलं ते पोटासाठी. शिवाय डाव्या हाताचं पहिलं बोट वाकत नव्हतं. यंत्राला पाचही बोटं धडधाकट होती, पण तिकडच्या मोज्यातलं बोट ताठ, म्हणून इथलंही ताठ.

मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा माझा थोरला भाऊ अण्णा तेरा वर्षांचा. चांदीचा पत्रा काढायचं हातमशीन आमच्याकडे होतं, दोन लोखंडी रुळांचं. मी दांडा फिरवत होतो, अण्णा पत्रा आत सरकवत होता. तो थांब म्हणाला. माझं लक्ष नव्हतं, मी फिरवत राहिलो. दवाखान्यात आप्पांनी विचारलं, दांडा कोण फिरवत होतं? अण्णा म्हणाला, मीच, एका हातानं. आप्पांनी त्याला तिथंच एक ठेवून दिली, हाताला पट्टी बांधलेली असतानाच. मी शेजारी उभा होतो.

रविवारी मी त्याला फोन केला.

"काय सुहास, आज मधीच?" अण्णा म्हणाला. "दिवाळी अजून लांब हाय."

"सहजच केला. काय चाललंय?"

"काय चालायचं. दुकान हाय, म्हातारपण हाय, तुझी वैनी हाय."

"काम येतंय का?"

"येतंय की. पैंजणाची मोठी ऑर्डर धरलीया. सवडच न्हाई बघ."

"अजून जमिनीवरच बसतोस? गुडघे जातील तुझे. एखादी खुर्ची घे."

"दिलीया की त्यांनी खुर्ची," असं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "म्हंजे पोरीनं आणलीया. तुझी वैनी कपडे टाकती तिच्यावर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं कसं हाय?" त्यानं विचारलं. "बाकावरच हाईस न्हवं?"

"हो. बाकावरच."

"झ्याक. आमी गावात सांगतो, आमचा सुहास तिकडं मास्टर हाय म्हणून."

दोघांनीही एकमेकांची अब्रू राखली आणि फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारी लिंडनरबाई खाली आल्या. त्या अंदाजाच्या यंत्रणेच्या इंजिनियर, पस्तिशीतल्या, नम्र. त्यांनी माझ्यापुढे एक फॉर्म उघडला. यंत्रणेनं स्वतःच एक्केचाळीसची हालचाल पकडली होती: रोज सरासरी नऊ वेळा, प्रत्येकी अडीच सेकंद.

"हे काय आहे, तुम्हाला कळतं का?" त्यांनी विचारलं.

"सवय आहे," मी म्हणालो.

"कामासाठी लागते?"

"ती छाटली तर काय होईल?"

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मोजा नुसता स्पर्श देत नाही, तो हाताला थोडा ओढतोही, अंदाजाच्या दिशेनं. त्यामुळेच फरक कमी राहतो. एखादी हालचाल निरर्थक ठरली की मोजा ती सुरू होतानाच अडवतो. उथळ सवय असेल तर चार दिवसांत सुटते. खोल असेल तर तिच्याबरोबर बाकीचंही हलतं. "विणलेल्या स्वेटरातून एकच धागा ओढल्यासारखं," त्या म्हणाल्या. "पण तसं क्वचित होतं. तुम्ही कारागीर आहात, तुम्ही आवश्यक लिहिलंत तर आम्ही राहू देऊ. फक्त सातवा प्रश्न आधी भरा."

सातवा प्रश्न असा होता: या हातामागील व्यक्तीशी आपली ओळख अथवा नाते आहे काय? खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की उत्तर हो असल्यास नजर ठेवण्याचं काम त्याच दिवशी काढून घेण्यात येईल. हातांना नावं नसतात, नंबर असतात, आणि तिकडच्यांना इथल्या माणसांचे चेहरे पुसून दाखवतात. कुणी कुणाला ओळखू नये अशीच सगळी रचना होती. ओळखीचा माणूस निघाला तर काय, एवढ्याची सोय त्या एका ओळीत केलेली.

काचेतून मला ओटमारची पाठ दिसत होती. तो चाळणी हलवत होता. गुडघ्यांना त्यानं बागकामाच्या गाद्या बांधल्या होत्या.

मी घाबरलो. खरं सांगायचं तर तेवढंच होतं. काम गेलं असतं तर उपाशी मेलो नसतो, ओटमारशेजारी बसलो असतो, बस्स. पण मला त्या बाकाखाली जायचं नव्हतं. हो लिहिलं असतं तर मी गेलो असतो आणि नमस्काराचं काय करायचं ते दुसऱ्याच कुणी ठरवलं असतं. नाही लिहून पुढे आवश्यक लिहिता आलं असतं. पण मग लिंडनरबाईंनी कारण विचारलं असतं, आणि ते कारण हुपरीचा माणूसच सांगू शकतो हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. हा हिशेब मी तीन मिनिटांत केला.

सातव्या प्रश्नाला मी नाही लिहिलं. हालचालीपुढे लिहिलं, निरर्थक.

"धन्यवाद," लिंडनरबाई म्हणाल्या.

पहिले दोन दिवस एक्केचाळीसचा हात चिमटा खाली ठेवायचा आणि जागच्या जागी थरथरायचा. खाली जाऊ पाहायचा, जाता यायचं नाही. चौथ्या दिवशी ते थांबलं. सहाव्या दिवशी तो कानस उलटी धरू लागला. नवव्या दिवशी फरक दुप्पट झाला. अकराव्या दिवशी त्यानं ज्योत अंगठीवरून काढलीच नाही. अंगठी वितळून तिचा गोळा झाला आणि तो त्या गोळ्यावर ज्योत धरून बसला. ओटमारनं बाकाखालून हात घालून नळी बंद केली.

"बिचारा," तो म्हणाला. "चांगला कारागीर होता. जोड बघायचे त्याचे."

दुसऱ्या दिवशी त्या बाकावर नवा हात आला. सगळी बोटं वाकणारा.

दिवाळीत फोन वैनीनं घेतला. अण्णा झोपलाय म्हणाली. तिकडे दुपारचे चार वाजले होते. मग तिनंच सगळं सांगितलं, मोज्याचं, कंपनीचं, दीड वर्षाचं.

"तुमास्नी सांगू नको म्हणाले हुते. लाज वाटायची त्यास्नी. आता काय लपवायचं? हात बसला की वो त्यांचा. चहाचा कप धरत्यात, घास खात्यात, समदं करत्यात. पर देवाम्होरं उभं ऱ्हायले की हात वर उठंना. कपाळापातूर येतच न्हाई. मधीच थांबतो. मीच त्यांचा हात धरून कपाळाला लावती."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतोय, हाताला काय बी झालेलं न्हाई."

"बरं," मी म्हणालो. फोन ठेवून मी भात लावला, जेवलो. आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, हे मला भांडी घासताना लक्षात आलं.

वसंतात माझी जागा गेली. नजर ठेवायला इथंच बसायला हवं असं काही नाही, हे कंपनीच्या लक्षात यायला उशीरच झाला म्हणायचा. मला कुणी वाईट बोललं नाही. हजर लोकांत एक जागा रिकामी होती, ती मला दिली. ओटमारनं त्याच्या गुडघ्याच्या गाद्यांचा जुना जोड मला आणून दिला आणि चाळणी कशी धरायची ते दाखवलं. मी झारेकऱ्याला चाळताना हजारदा पाहिलं होतं, तरी पाहून घेतलं.

"तुम्हाला सवय होईल," तो म्हणाला.

झालीही. आठ तास खाली बसायचं, ब्रश, चाळणी, डबी. वर हात काम करत राहतात, त्यांचा आवाज बारीक असतो. खानावळीतलं खिडकीजवळचं टेबल आता आराखडेवाल्यांची पोरं घेतात. आम्ही तिथं जात नाही. घरी मी वर, तो खाली.

कायद्यानं हजर लोकांचाही सहामाही अहवाल होतो. दूर कुठंतरी बसलेला माणूस कॅमेऱ्यातून आम्हाला पाहतो, आमचे चेहरे पुसलेले असतात, आणि वाया जाणाऱ्या हालचाली लिहितो. त्याची प्रत आमच्या हाती देतात. ऑक्टोबरात आमच्या प्रती आल्या. दुपारच्या सुट्टीत ओटमारनं त्याची वाचली. "सरासरी," तो म्हणाला आणि घडी करून खिशात ठेवली.

माझ्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, अहवाल रद्द, कारण मागे पाहा.

मागे यंत्रणेची नोंद होती. हजर कर्मचारी क्रमांक सहा. पाय ब्रशला लागल्यावर हा कर्मचारी ब्रशला उजवा हात लावून कपाळाकडे व नंतर गळ्याकडे नेतो. दररोज सरासरी चार वेळा.

मी ते दोनदा वाचलं. मी असं करतो हे मला ठाऊक नव्हतं. इथं आल्यावर पहिल्याच वर्षी ते सुटलं होतं. उंच बाक, खुर्ची, पाय लागायला खाली हत्यारच नसायचं. आता सहा महिने मी जमिनीवर बसत होतो.

हालचाल निरर्थक आहे काय? पाहणाऱ्यानं उत्तर लिहिलं होतं, नाही.

सातवा प्रश्न. या व्यक्तीशी आपली ओळख अथवा नाते आहे काय? उत्तर, हो. नाते, धाकटा भाऊ.

खाली कंपनीची एक ओळ होती. हात निकामी झाल्यामुळे नजरेच्या कामावर घेतलेल्या सदर व्यक्तीचे काम नियमानुसार आजपासून समाप्त करण्यात येत आहे. तारीख गेल्या सोमवारची.

म्हणजे कंपनीनं त्याला हात गेल्यावर डोळ्याचं काम दिलं होतं. बारीक अक्षरातली ती ओळ त्याच्यासमोरही आली असणार, त्याच्या भाषेत. अण्णा सावकाश वाचतो, पण सगळं वाचतो. मी बाकावर नाही, बाकाखाली आहे, हे त्यानं आधी पाहिलं आणि मग हो लिहिलं.

"काय लिहिलंय?" ओटमारनं विचारलं.

मी त्याला सांगितलं. सगळंच सांगितलं, हुपरी, मशीन, बोट, आप्पांनी मारलेली थप्पड. मग एक्केचाळीस नंबर कोण होता ते. तो पावाचा तुकडा हातात धरून ऐकत होता. नमस्काराचं सांगताना त्यानं वर, त्या बाकाकडे पाहिलं. त्यानंच तर पहिल्यांदा पाहिलं होतं.

"आणि तुलाही हाच प्रश्न आला असेल," तो म्हणाला. "तू काय लिहिलं होतंस?"

पाच वर्षांनी तो मला तू म्हणाला होता, आणि नेमका आता.

"नाही लिहिलं होतं," मी म्हणालो.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्यानं पाव डब्यात ठेवला, गुडघ्यांच्या गाद्या घट्ट केल्या आणि ब्रश घेतला.

"आपण कामाला लागू या," तो म्हणाला. "तुम्ही त्या टोकाकडून घ्या."

मी त्या टोकाला जाऊन बसलो. इतके दिवस काही वाटत नव्हतं, आता वाटलं. ब्रश हातातून सुटून पायावर पडला. मी तो उचलला नाही. उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि तसाच बसून राहिलो.